मागच्या रांगेतले मामा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण सुरुवात घरातूनच करतो.

मागच्या वर्षी माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. मामा त्याच्या दीड वर्ष आधी गेले. कन्यादान तिच्या काका-काकूंनी केलं, सगळं रीतसर पार पडलं. व्हिडिओ एडिट करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घराण्यात "याला मोबाइलचं कळतं" अशी माझी ख्याती आहे. पंधरा दिवसांनी रात्री अकराला ताईचा मेसेज. "पप्पांना घालता येईल का रे व्हिडिओत? कुठेही चालेल. एक सेकंद असले तरी चालेल."

मी लगेच लिहिलं, "हो, सोप्पंय."

त्या "सोप्पंय"ने माझ्या अकरा रात्री खाल्ल्या. आज त्याच अकरा रात्रींबद्दल बोलायचंय. फोटोतून कापलेला माणूस खऱ्या, चालत्या व्हिडिओत उभा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मला ते सोपं का वाटलं होतं, ते आधी सांगतो. आता कापणं सोपं झालंय. आयफोनवर २०२२ पासून फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की माणूस उचलला जातो, आणि अँड्रॉइडवरही बऱ्याच फोनमध्ये आणि ॲपमध्ये हे आहे. पूर्वी यासाठी फोटोशॉपमध्ये तासभर पेन टूल घेऊन बसायला लागायचं. त्यामुळे आपल्याला वाटतं की कापलं म्हणजे झालं. कापणं हे यातलं सगळ्यात कमी काम आहे हो. कापलेला माणूस तिथे *असल्यासारखा* दिसणं, ही खरी भानगड.

मी पहिल्या रात्री काय केलं? मामांचा कुठल्याशा लग्नातला, पांढऱ्या शर्टातला फोटो घेतला. कापला. अंतरपाटाच्या बाजूला, ताईच्या शेजारी नेऊन ठेवला. प्ले केलं आणि स्वतःलाच हसू आलं. कारण मामा चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून थेट लग्नात आल्यासारखे दिसत होते. आपल्याकडे कटआउट कलेचं सगळ्यात मोठं प्रदर्शन चौकातच असतं ना? तिथे दादांच्या मागे आणखी तीस जण चिकटवलेले असतात, कुणाचं डोकं मोठं, कुणाला खांदेच नाहीत. पण फ्लेक्सवर ते चालतं. ती माणसं एका जागी उभी होती असा दावा तिथे कुणी करत नाही. व्हिडिओ मात्र आपोआप तो दावा करतो.

आता एकेक करून बघू, काय काय चुकलं होतं.

पहिली गोष्ट कडा. मामांच्या केसांभोवती निळसर रेघ दिसत होती. ती कुठून आली? बघा, स्क्रीनवरच्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. माणूस कापला की प्रत्येक पिक्सेलला चौथा आकडा मिळतो, त्याला अल्फा म्हणतात. हा पिक्सेल किती भरीव आहे आणि किती पारदर्शक, हे तो सांगतो. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये काम करताना काढली. हेच दोघं पुढे पिक्सार उभी करणाऱ्यांत होते. मग १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी असे थर एकमेकांवर कसे चढवायचे, याचं गणित नीट मांडलं. तुमच्या फोनमधलं एडिटिंग ॲप आजही तेच गणित करतं. एखाद्या पिक्सेलचा अल्फा ०.४ असेल, तर ४० टक्के पुढच्या माणसाचा रंग घ्यायचा आणि ६० टक्के मागच्या व्हिडिओचा.

आता केस म्हणजे काय? केस एका पिक्सेलपेक्षा बारीक असतो. त्यामुळे मूळ फोटोत केसांच्या कडेचा पिक्सेल म्हणजे अर्धा केस आणि अर्धी मागची भिंत, आधीच मिसळलेली. मामांच्या मागे निळी भिंत होती. तुम्ही केस उचलता तेव्हा थोडी भिंतही उचलून आणता. ॲपने अल्फा कितीही अचूक काढला, तरी रंगात घुसलेली भिंत तशीच राहते. उपाय दोन. मास्क एक-दोन पिक्सेल आत ओढायचा, आणि तरीही जी रेघ उरेल तिचा रंग उडवून ती नव्या पार्श्वभूमीच्या रंगाकडे न्यायची. फेदर वाढवून कडा मऊ करू नका. माणूस ढगातून आल्यासारखा दिसतो. मामांना मी पहिल्या रात्री तसंच केलं होतं, एकदम स्वर्गवासी.

दुसरी गोष्ट उंची. इथे मी तीन रात्री घालवल्या, कारण चूक कळतच नव्हती. मामांना मोठं केलं तरी विचित्र, लहान केलं तरी विचित्र. मग कळलं, की प्रश्न साइझचा नाहीये, कॅमेऱ्याच्या उंचीचा आहे.

हे जरा लक्ष देऊन ऐका, कारण हे एकदा कळलं की कुठल्याही खोट्या फोटोकडे बघायची नजर बदलते. समजा तुम्ही फोन तुमच्या छातीच्या उंचीवर सरळ धरलाय आणि समोर सपाट जमिनीवर माणसं उभी आहेत. सगळी साधारण सारख्या उंचीची. मग पाच फुटांवरच्या माणसाची छाती आणि पन्नास फुटांवरच्या माणसाची छाती, दोन्ही स्क्रीनवर एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबचा माणूस लहान दिसतो, पण ती रेष त्यालाही छातीवरच कापते. ही रेष म्हणजे क्षितिज. पुढच्या वेळी बसस्टॉपवर उभे असाल तेव्हा कॅमेरा चालू करून बघा. त्यामुळे कटआउटचा आकार अंदाजाने ठरवायचा नसतो. आजूबाजूच्या माणसांना ती रेष जिथे कापते, तिथेच तिने त्यालाही कापलं पाहिजे. आमच्यासारखं स्टेज असेल तर स्टेजवरच्यांची आपसात तुलना करायची आणि खालच्यांची आपसात.

आणि माझा मामांचा फोटो? तो कुणीतरी खुर्चीत बसून, खालून वर काढलेला होता. हनुवटीचा खालचा भाग दिसत होता. आमचा व्हिडिओ मात्र उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेला. खालून बघितलेला माणूस समोरून बघितलेल्या माणसांत उभा केला, की कितीही लहानमोठा करा, तो बसणार नाही. तिथे एकच उपाय, दुसरा फोटो शोधा. मामीने स्टीलच्या डब्यात ठेवलेले अल्बम काढले. त्यात एक ग्रुप फोटो सापडला, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला. मामा उजव्या टोकाला, त्यांच्या दंडावर शेजारच्या पाहुण्यांचं कोपर. कंबरेखाली पुढे बसलेली पोरं, त्यामुळे पाय नाहीत. तेव्हा मला वाटलं, अर्धा माणूस मिळाला, आता काय करू? पण हाच फोटो पुढे कामाला आला.

तिसरी गोष्ट प्रकाश, त्यावर फार वेळ घालवत नाही. नाकाची सावली कुठे पडलीय ते बघा. फोटोत डावीकडे आणि व्हिडिओत उजवीकडे पडत असेल तर फोटो आडवा उलटून बघा, पण मग भांगही उलटा होतो, शर्टाचा खिसाही दुसऱ्या बाजूला जातो, आणि घरच्यांना हे लगेच दिसतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे काळा रंग. रंग जुळवताना सगळे आधी चेहऱ्याचा रंग जुळवायला जातात. आधी काळा जुळवा. व्हिडिओत त्या अंतरावरच्या माणसांचे केस बघा, ते पूर्ण काळे नसतात, करडे असतात. हॉलमधला उजेड, धूर, फोनची लेन्स, सगळं मिळून काळ्याला धुऊन काढतं. फोटोतला कटआउट मात्र गडद काळा असतो आणि म्हणून तो पुढे उडी मारतो. काळा वर उचलला की निम्मं काम होतं. मग पांढरा जुळवा. चेहरा शेवटी.

आणि हो, फोटो व्हिडिओपेक्षा जास्त रेखीव असतो. शिवाय हॉलमधल्या कमी उजेडात फोनच्या व्हिडिओत सतत वळवळणारे ठिपके असतात, त्यांना नॉइज म्हणतात. कटआउटवर हे ठिपके नसतात, किंवा फोटोतले ठिपके गोठलेले असतात. कटआउट किंचित धूसर करायचा आणि वरून हलता नॉइज टाकायचा. हे केलं नाही तर माणूस काचेमागे ठेवल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

एवढं सगळं करून, पाचव्या रात्री मी मामांना ताईच्या शेजारी, स्टेजवर, अगदी व्यवस्थित उभं केलं. कडा साफ, उंची बरोबर, काळा बरोबर. पाय दिसू नयेत म्हणून पुढे फुलांची परडी आणली. रविवारी गेलो आणि मामीला फोनवर दाखवलं.

मामीने दोनदा बघितलं. मग फोन परत देत म्हणाली, "अरे, पण हे असे पुढे कधी येऊन उभे राहिलेत का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"कुणाच्याही लग्नात बघ. हे मागे. भिंतीला टेकून. अर्धं लक्ष पंगतीकडे."

मी गप्प. अकरातल्या पाच रात्री मी सावली, कडा, रंग बघत होतो, आणि माणूस मुळात चुकीच्या जागी उभा केला होता. ते कुठल्या ॲपमध्ये कळणार? ट्यूटोरियलमध्ये माणूस फ्रेमच्या मधोमध कसा ठेवायचा ते शिकवतात. आमचा माणूस मधोमध उभा राहणारा नव्हताच.

मग सगळं फुटेज पुन्हा बघितलं. मंगलाष्टकांच्या वेळचा एक शॉट सापडला, समोरून घेतलेला, ट्रायपॉडवरचा. ट्रायपॉड फार महत्त्वाचा, कारण हातात धरलेला कॅमेरा हलतो आणि कटआउट त्याच्याबरोबर हलला नाही तर तो तरंगतो. ट्रॅकिंगने ते सांभाळता येतं. पण कॅमेरा बाजूला चालत गेला असेल, तर ट्रॅकिंगही उपयोगाचं नाही. खऱ्या माणसाची दुसरी बाजू दिसायला लागते, आणि फोटोला दुसरी बाजू नसते.

त्या शॉटमध्ये पाहुण्यांच्या तीन रांगा, मागे गडद मरून पडदा, आणि शेवटच्या रांगेत काकांच्या आणि एका मुलाच्या मधे बरोबर एका माणसाची फट. खरंच होती, मी केलेली नाही. मामांना कंबरेखाली पाय नव्हते, तर पुढच्या रांगेनेच ते झाकले. दंडावर पाहुण्यांच्या कोपराने जो खड्डा पडला होता, तिथे काकांचा खांदा आला. अर्धा फोटो असेल तर त्याला अर्धीच जागा शोधा.

पण मंगलाष्टकं म्हटल्यावर काय? अक्षता! पूर्ण हॉल तांदूळ उडवतोय, आणि मामांच्या पुढून एकही दाणा जात नाहीये. पाऊस पडतोय आणि एकटा माणूस कोरडा, असं ते दिसत होतं.

इथे एक युक्ती सांगतो. मूळ व्हिडिओची आणखी एक प्रत मामांच्या *वर* टाकायची आणि तिचा ब्लेंड मोड "लाइटन" करायचा. या मोडमध्ये दोन थरांतला जो उजळ असेल तो दिसतो. मागचा पडदा गडद, त्यामुळे तो मामांच्या चेहऱ्यापुढे हरतो आणि दिसत नाही. अक्षता उजळ, त्या चेहऱ्यावरून जाताना दिसतात. शर्टावर दिसत नाहीत, पण पांढऱ्या शर्टावर तांदूळ तसाही कुणाला दिसणार? फक्त केसांचा घोळ झाला. हा मोड लाल, हिरवा, निळा वेगवेगळे तपासतो, आणि मरून पडद्यातला लाल हा काळ्या केसांतल्या लालपेक्षा जास्त. मामांना मेंदी लावल्यासारखी दिसायला लागली! मग केसांपुरता तो थर मास्क करून काढला. मागे पांढरी भिंत असती तर ही युक्ती चाललीच नसती.

शेजारच्या मुलाचा हात राहिला. तो अक्षता टाकताना हात मामांच्या छातीपुढे आणतो. तो हात पुन्हा कापून मामांच्या वर ठेवायचा, फ्रेमगणिक. याला रोटोस्कोप म्हणतात. मॅक्स फ्लायशर नावाच्या कार्टूनवाल्याने शंभर वर्षांपूर्वी चालत्या फिल्मवरून एकेक चित्र गिरवायचं यंत्र केलं होतं, त्याचं हे नाव. माझा शॉट ८० फ्रेमचा, म्हणजे २५ च्या वेगाने जेमतेम सव्वातीन सेकंद. त्यातल्या २२ फ्रेममध्ये हात होता. प्रत्येक फ्रेम गिरवायची गरज नसते, दर चौथ्या फ्रेमला मास्क बसवला की मधलं ॲप भरून काढतं. तरी दोन रात्री गेल्या.

शॉट सव्वातीन सेकंदच का ठेवला? कारण माणूस साधारण तीन-चार सेकंदांनी पापणी मिटतो. तेवढ्या वेळात मामांनी पापणी मिटली नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. दहा सेकंद ठेवले असते तर लोक बघतच राहिले असते, की हे असे टक लावून का बघतायत.

आता तुमच्यातले बरेच जण विचारतील, की ग्रीन स्क्रीनचं काय? माणूस हयात असेल आणि समोर उभा राहायला तयार असेल, तर जरूर वापरा. दोनच गोष्टी सांगतो. एक, माणसाला पडद्यापासून चांगलं सहा-सात फूट पुढे उभं करा, नाहीतर पडद्याचा हिरवा उजेड गालावर येतो. दोन, फोन जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती उजेडाच्या पाव पटच साठवतो, म्हणून हिरव्यावरून कापलेली कड दातेरी येते. मोठ्या रिझोल्यूशनला शूट करून नंतर लहान करा, बराच फरक पडतो.

तसं हे वेड जुनं आहे. फ्रान्समध्ये मेलिएसने १८९८ मध्येच काळ्या पार्श्वभूमीवर एकाच फिल्मवर पुन्हापुन्हा शूट करून स्वतःची डोकी टेबलावर मांडली होती. १९३३ च्या 'द इन्व्हिजिबल मॅन'मध्ये नटाला काळं मखमल घालून काळ्या मखमलीपुढे उभं केलं, म्हणजे फक्त कपडे उरले. आणि आपले दादासाहेब फाळके तर सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग करायचे, 'केल्फा' या नावाने. फाळके उलटं वाचा. १९९४ च्या 'फॉरेस्ट गंप'मध्ये टॉम हँक्सला जुन्या बातमीपटातल्या केनेडींशी हात मिळवायला लावलं, तेव्हा स्टुडिओभर लोक लागले होते. आता ते तुमच्या खिशात आहे, म्हणून मी हे सगळं सांगतोय.

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगू का नको असा विचार करत होतो. ताईच्या भावाने, दादाने, मधेच एक व्हिडिओ पाठवला. फोटो दिला की चेहरा हलवून देणारी ॲप असतात ना, त्यातून केलेला. मामा मान वळवतात, पापण्या मिटतात आणि हसतात. टेक्निकली माझ्या कामापेक्षा कितीतरी भारी! दादा म्हणाला, "हे घे, म्हणजे ते जिवंत वाटतील." ताईने बघितलं आणि म्हणाली, "पप्पांचा पुढचा दात अर्धा होता."

ॲपने दिलेले दात अख्खे होते. फोटोत मामांचं तोंड मिटलेलं, मग ॲपने दात आणायचे कुठून? जगातल्या हजारो तोंडांवरून शिकलेलं एक सरासरी तोंड त्याने बसवलं. मी जो कटआउट लावला, तो कसाही असला तरी एका खऱ्या दिवशीचा, खऱ्या मामांवर पडलेल्या उजेडाचा होता. हसणारा तो माणूस कधीच कुठे नव्हता. दादाने स्वतःच तो व्हिडिओ फोनमधून काढून टाकला. मी काढ म्हटलं नव्हतं. मला विचाराल तर, तोंड उघडायला लावणं आणि बोलायला लावणं, इथे मी थांबतो. तुमच्या घरात वेगळं वाटू शकतं. पण करण्याआधी त्या माणसाबरोबर राहिलेल्यांना विचारा, एडिट करणाऱ्याला नको.

शेवटी दोन फाइल केल्या. एक मूळ, जशी शूट झाली तशी, आणि एक मामांसकट. नावातच लिहिलंय कुठली कुठली ते. ताईच्या सासरी पेनड्राइव्ह दिला तेव्हाही सांगूनच दिला. उद्या ताईची मुलं बघतील, त्यांना आजोबा लग्नाला होते असं वाटायला नको. होते तर छानच झालं असतं, पण नव्हते.

घरी सगळ्यांनी टीव्हीवर बसून बघितलं. मी मामीला कुठे बघायचं ते सांगितलं नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली, तो शॉट आला आणि गेला, मला वाटलं निसटला. मामी म्हणाली, "मागे घे जरा." घेतलं. थांबवलं. ती उठून टीव्हीजवळ गेली, चष्मा वर केला, आणि बराच वेळ बघून म्हणाली, "कॉलर बघ. त्या दिवशी पण इस्त्री न करताच गेले होते."

चला, आज एवढंच. तुमचा एखादा शॉट अडकला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फोटो पाठवणार असाल तर मूळ फोटो पाठवा, व्हॉट्सॲपवरून डॉक्युमेंट म्हणून. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि केसांच्या कडा तिथेच मरतात.